झोपेची तक्रार दुय्यम नाही

(स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या डॉक्टरांचे जुने केसपेपर त्यांच्या चिरंजीवांनी मला मध्यंतरी दाखवले. पोस्टकार्डाएवढे कागद, निळी शाई, आणि बहुतेक प्रत्येकावर वरच्या कोपऱ्यात तीन शब्द : भूक, शौच, झोप. पुढे बरोबरची खूण नाहीतर फुली. खरुजेचा पेशंट असो की खोकल्याचा, हे तीन प्रश्न चुकले नाहीत. आज मला यातल्या तिसऱ्या शब्दाबद्दल बोलायचं आहे. त्या दवाखान्यात त्याला जो मान होता, तो माझ्या शास्त्रात त्याला फार उशिरा मिळाला.

मानसोपचार शिकताना आमच्या पिढीच्या मनावर एक गोष्ट बिंबवली गेली होती. नैराश्य आलेल्या माणसाची झोप उडते, चिंतेने ग्रासलेल्या माणसाच्या डोळ्याला डोळा लागत नाही; म्हणून मूळ आजार बरा करा, झोप आपोआप ताळ्यावर येईल. झोपेची तक्रार ही आजाराची सावली. तिला नाव होतं दुय्यम निद्रानाश. केसपेपरवर ‘झोप कमी’ असं लिहायचं आणि पुढच्या प्रश्नाकडे वळायचं.

या समजुतीला पहिला मोठा धक्का १९८९ साली बसला. डॅनिएल फोर्ड आणि डग्लस कॅमेरो या दोन अमेरिकन संशोधकांनी ७,९५४ सर्वसामान्य प्रौढांच्या मुलाखती तपासल्या. हे इस्पितळातले रुग्ण नव्हते, वस्त्यांमधून निवडलेली माणसं होती. त्यांच्याशी वर्षभराच्या अंतराने दोनदा बोलणं झालं होतं. ज्यांना निद्रानाश होता, त्यांच्यापैकी ४० टक्के लोकांना कुठला ना कुठला मानसिक आजार होता. झोपेची तक्रार नसलेल्यांत हेच प्रमाण १६.४ टक्के होतं. इथवर काही नवल नाही. नवल पुढे आहे. दोन्ही वेळा ‘झोप लागत नाही’ म्हणणाऱ्यांत वर्षभरात नव्याने नैराश्य येण्याचं प्रमाण कितीतरी पटींनी जास्त निघालं, आणि ज्यांचा निद्रानाश मधल्या काळात मिटला त्यांच्यात ते बरंच खाली आलं. म्हणजे झोप आधी गेली होती, उदासी मागून आली.

यावर शंका घेणं सोपं आहे, आणि ती घ्यायलाच हवी. वर्षभर म्हणजे काही फार काळ नव्हे. कदाचित नैराश्य आतून सुरू झालेलंच असेल आणि झोप हा त्याचा पहिला इशारा असेल. मग एक वर्षाऐवजी तीस वर्षं थांबून पाहिलं तर? असं पाहणारा एक अभ्यास आहे, आणि तो माझ्या विशेष आवडीचा आहे, कारण त्यातली माणसं डॉक्टर आहेत. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात १९४८ ते १९६४ या काळात वैद्यक शिकणाऱ्या मुलांना विद्यार्थिदशेतच झोपेविषयी प्रश्न विचारून ठेवले होते. त्यातल्या १,०५३ पुरुषांचा पुढे साधारण ३४ वर्षं मागोवा घेतला गेला. ज्यांनी विसाव्या-पंचविसाव्या वर्षी ‘मला झोपेचा त्रास आहे’ असं लिहिलं होतं, त्यांना पुढच्या आयुष्यात नैराश्य येण्याचा धोका इतरांच्या दुप्पट निघाला. १९९७ मध्ये हे निष्कर्ष छापून आले. मग २०११ मध्ये किआरा बॅग्लिओनी आणि सहकाऱ्यांनी असे २१ दीर्घ पल्ल्याचे अभ्यास एकत्र मांडले. उत्तर तेच आलं : आज नैराश्य नाही पण निद्रानाश आहे, अशा माणसाला पुढे नैराश्य येण्याची शक्यता साधारण दुप्पट.

चिंतेची गोष्ट एवढी सरळ नाही. नॉर्वेमधल्या एका प्रांतात दहाएक वर्षांच्या अंतराने दोनदा आरोग्य पाहणी झाली आणि दोन्ही वेळा सापडलेल्या २५,१३० प्रौढांची माहिती तपासली गेली. तिथे असं दिसलं, की पहिल्या पाहणीतला निद्रानाश हा पुढच्या चिंताविकाराची आगाऊ सूचना देतो, पुढच्या नैराश्याची मात्र देत नाही. म्हणजे बाकीच्या अभ्यासांच्या जवळजवळ उलट. उलटपक्षी युरोपातल्या आणखी एका मोठ्या पाहणीत चिंताविकार असलेल्यांनी सांगितलं, की चिंता आधी आली किंवा दोन्ही बरोबरच आलं. मला विचाराल तर चिंतेच्या बाबतीत ‘आधी कोण’ हा प्रश्नच फारसा कामाचा नाही. अंथरुणावर पडल्या पडल्या ज्याचं डोकं चालू होतं, त्याला रात्री अकरानंतर चिंता आणि जागरण वेगळं करून दाखवता येत नाही. आधी कर्जाची काळजी असते, बाराच्या सुमारास ‘झोप लागली नाही तर उद्या काम कसं होणार’ ही काळजी तिची जागा घेते, आणि दोन वाजता घड्याळ पाहून तास मोजणं सुरू होतं. ही दुसरी काळजी पहिलीपेक्षा चिवट असते. कर्ज फिटलं तरी ती राहते.

ऑक्सफर्डच्या ॲलिसन हार्वी यांनी २००२ मध्ये नेमकं हेच सूत्र धरून निद्रानाशाचं एक प्रारूप मांडलं. न्यूयॉर्कचे आर्थर स्पीलमन यांनी त्याआधी, १९८७ मध्येच, तीन गोष्टी वेगळ्या करून दाखवल्या होत्या : माणसाचा मुळातला पिंड, निद्रानाश सुरू करणारा प्रसंग, आणि तो चालू ठेवणाऱ्या सवयी. घरात मृत्यू झाला, बदली झाली, मुलीचं लग्न मोडलं, अशा प्रसंगी कोणाचीही झोप जाते. बहुतेकांची महिन्या-दोन महिन्यांत परत येते. ज्यांची येत नाही, ते झोप भरून काढायला लवकर आडवे होतात, सकाळी उशिरापर्यंत लोळतात, दुपारी दोन-दोन तास पडून राहतात. प्रसंग सरतो, सवयी राहतात. आपल्याकडे पाहुणेमंडळीही सल्ला हाच देतात : ‘झोप येत नाही ना, मग जरा लवकर पडत जा.’ इतका सद्हेतूने दिलेला आणि इतका चुकीचा सल्ला वैद्यकात दुसरा क्वचितच असेल.

तो चुकीचा का, हे समजायला झोपेची यंत्रणा थोडी पाहावी लागेल. झ्युरिचचे अलेक्झांडर बोर्बेली यांनी १९८२ मध्ये सांगितलं, की झोप दोन गोष्टींवर चालते. एक, शरीराचं चोवीस तासांचं घड्याळ. दोन, झोपेचा साठत जाणारा दाब. जागं राहावं तसा तो वाढतो, झोपलं की ओसरतो. भुकेसारखंच आहे हे. दिवसभर चिवडा-शंकरपाळ्यांवर हात मारत राहिलं तर रात्रीच्या ताटावर मन बसत नाही. म्हणूनच ‘भुकेला कोंडा, निजेला धोंडा’ म्हणणाऱ्या आपल्या पूर्वजांना दाबाची ही बाजू पक्की ठाऊक होती असं म्हणायला हरकत नाही. जे कष्टाने दमत होते त्यांनाच ही म्हण सुचली, हेही लक्षात ठेवायला हवं.

एका रात्रीच्या जागरणाने मेंदूत काय होतं, तेही तपासलं गेलं आहे. २००७ मध्ये मॅथ्यू वॉकर यांच्या गटाने निरोगी तरुणांना सुमारे ३५ तास जागं ठेवलं आणि मग मनाला त्रास देणारी चित्रं दाखवून त्यांच्या मेंदूचं स्कॅनिंग केलं. भीतीची चाहूल घेणारा अमिग्डाला नावाचा भाग, नीट झोपलेल्यांच्या तुलनेत ६० टक्के जास्त उसळला. त्याला आवर घालणाऱ्या पुढच्या मेंदूशी त्याचा संपर्कही सैल पडला होता. जागरणानंतर सकाळी घरात कोण कोणावर खेकसतं, हे ज्याने पाहिलंय त्याला हा निष्कर्ष पटवून द्यावा लागणार नाही.

आता या सगळ्याला छेद देणारी एक गोष्ट सांगतो, कारण ती लपवली तर मी तुमच्याशी प्रामाणिक राहणार नाही. तीव्र नैराश्य असलेल्या माणसाला एक अख्खी रात्र मुद्दाम जागं ठेवलं, तर दुसऱ्या दिवशी त्याची उदासी चक्क उतरते. जर्मनीतल्या प्फ्लुग आणि टोले यांनी १९७१ मध्ये हे पद्धतशीर नोंदवलं. १९९० मध्ये अशा बऱ्याच अभ्यासांचा आढावा घेतला गेला, तेव्हा सुमारे ५९ टक्के रुग्णांना असा आराम पडल्याचं दिसलं. औषध न घेणाऱ्यांपैकी ८३ टक्के लोकांची उदासी मात्र पुढच्या झोपेनंतर परत आली. ज्या गोष्टीच्या अभावाने नैराश्याचा धोका वाढतो, तिच्याच अभावाने ते दिवसभरासाठी पळतं! याचं पूर्ण समाधान देणारं उत्तर अजून कोणाकडे नाही. घरी कृपया हा प्रयोग करू नका. ज्यांना उन्मादाचे झटके येतात, त्यांच्यात एका रात्रीच्या जागरणाने उन्माद उसळू शकतो. मी ही गोष्ट एवढ्याचसाठी सांगितली, की ‘जितकी जास्त झोप तितकं मन प्रसन्न’ असं साधं समीकरण मांडणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

मग प्रश्न उरतो तो व्यवहाराचा. झोपेवर स्वतंत्र उपचार केला तर मन सुधारतं का?

नैराश्याचं औषध झोपेचं सगळं काम करत नाही, हे आधीच दिसलं होतं. १९९९ च्या एका अभ्यासात फ्लुऑक्सेटीन घेऊन ज्यांचं नैराश्य उतरलं होतं, त्यांच्यातही ४४ टक्के लोकांची झोप बिघडलेलीच होती. २००८ मध्ये रेचल मॅनबर यांनी ३० रुग्णांवर एक छोटा प्रयोग केला. निम्म्यांना नैराश्याच्या गोळीबरोबर निद्रानाशाची वर्तनोपचार पद्धती दिली, ज्याला सीबीटी-आय म्हणतात. उरलेल्यांना गोळीबरोबर नाममात्र उपचार. नैराश्य पूर्ण उतरण्याचं प्रमाण पहिल्या गटात ६१.५ टक्के, दुसऱ्यात ३३.३.  आठ वर्षांनी १५० रुग्णांवर तसाच मोठा प्रयोग झाला, तेव्हा दोन गटांतला फरक ठामपणे काही सांगण्याइतका राहिला नाही. 

आणखी एक गोम आहे. नैराश्य मोजायच्या हॅमिल्टनच्या प्रसिद्ध मापनपट्टीत १७ प्रश्न आहेत आणि त्यातले तीन झोपेचे. पीएचक्यू-९ या नऊ प्रश्नांच्या यादीतला तिसरा प्रश्न झोपेचाच. तेव्हा नुसती झोप सुधारली तरी नैराश्याचे गुण आपसूक कमी दिसतात. असा अभ्यास वाचताना मी आधी हे पाहतो, की झोपेचे प्रश्न वगळूनही फरक उरतो का.

या सगळ्या चाळणीतून जो अभ्यास मला सर्वांत भक्कम वाटतो, तो उपचाराचा नसून प्रतिबंधाचा आहे. कॅलिफोर्नियातल्या मायकल अर्विन यांच्या गटाने साठीच्या पुढच्या २९१ माणसांना निवडलं. सगळ्यांना निद्रानाश होता, नैराश्य कोणालाही नव्हतं. एका गटाला दोन महिने सीबीटी-आय दिली, दुसऱ्याला तितकाच वेळ झोपेविषयी माहिती. मग ३६ महिने वाट पाहिली. माहिती मिळालेल्यांपैकी २५.९ टक्के लोकांना नैराश्य आलं, उपचार मिळालेल्यांपैकी १२.२ टक्क्यांना. निम्म्याहून कमी. हे २०२२ मध्ये छापून आलं. वृद्धांच्या नैराश्याला आधीच अडवू शकणारे उपाय आमच्या हाती फार थोडे आहेत; त्यात हा एक, आणि त्यात औषधाची गोळी नाही.

या उपचारात काय करतात ते एका बाईंच्या उदाहरणाने सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. वय पंचेचाळीस, अंगणवाडी सेविका. दोन वर्षांपासून झोप नाही, मन उदास, कशात रस नाही. मी त्यांना एक वही ठेवायला सांगितली. बहुतेक लोक ती अर्धवट ठेवतात. बाईंनी मात्र अंगणवाडीच्या रजिस्टरसारखे पट्टीने रकाने आखून आणले : अंथरुणावर किती वाजता, झोप लागली अंदाजे किती वाजता, मध्ये किती वेळा जाग, उठल्या किती वाजता, दुपारी पडल्या का, चहा किती. शेरा या रकान्यात एका दिवशी लिहिलं होतं, ‘ह्यांचं घोरणं.’ त्यांना मी सांगितलं, तो वेगळा आजार असू शकतो, यजमानांना आधी तपासून घ्या.

वही सांगत होती : रात्री साडेनऊला आडव्या, सकाळी सहाला उठणार, म्हणजे साडेआठ तास अंथरुणात, झोप जेमतेम पाच तास. साडेतीन तास कूस बदलण्यात जायचे. मी म्हटलं, ‘ताई, उद्यापासून रात्री बाराच्या आधी अंथरुणाला पाठ टेकायची नाही, आणि काही झालं तरी साडेपाचला उठायचं. दुपारची झोप बंद.’ त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. ‘डॉक्टर, मी झोप येत नाही म्हणून आले, आणि तुम्ही जागायला सांगताय?’ मग पुढचा प्रश्न : ‘बारापर्यंत करू काय?’ त्यांनीच उत्तर शोधलं. दुसऱ्या दिवशीची मेथी निवडायची, घेवड्याच्या शिरा काढायच्या. अंथरुणावर पडून वीसेक मिनिटांत झोप आली नाही तर उठून पुन्हा खुर्चीत बसायचं. अंथरुणात मोबाईल नाही, हिशेब नाही, भांडण नाही. रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ मध्ये सुचवलेली ही युक्ती आहे. अंथरूण आणि जागरण यांची मेंदूत पडलेली गाठ सोडवायची असते.

पहिला आठवडा वाईट गेला. दुसऱ्या आठवड्यात वहीतला ‘झोप लागली’ हा रकाना बाराच्या जवळ सरकायला लागला. अंथरुणातल्या वेळेपैकी ८५ टक्क्यांहून जास्त वेळ झोप होऊ लागली, की पंधरा मिनिटं वाढवून द्यायची, असा नियम. दोन-अडीच महिन्यांत त्या सव्वासहा तासांवर आल्या. उदासी पूर्ण गेली नाही. तिची गोळी चालू ठेवावी लागली, आणि घरचा जो प्रश्न होता तो तसाच होता. फरक एवढाच, की त्या प्रश्नाशी आता त्या दिवसा भांडत होत्या. हा उपचार सरसकट कोणालाही देत नाहीत. फेफरं येणारे, उन्मादाचा आजार असलेले, रात्री ट्रक चालवणारे, यांच्याबाबत फार जपून पावलं टाकावी लागतात. पण अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ मध्ये स्पष्ट सांगितलं, की जुनाट निद्रानाशात पहिला उपचार हाच, गोळी नंतर.

आपल्याकडे क्रम नेमका उलटा आहे. चिंता शमवणारं लिब्रियम हे औषध १९६० मध्ये बाजारात आलं, व्हॅलियम १९६३ मध्ये, आणि त्याच घराण्यातली अल्प्राझोलाम आज तालुक्याच्या प्रत्येक मेडिकलमध्ये ‘ती छोटी गोळी’ म्हणून ओळखली जाते. कायद्याने ती शेड्यूल एच-१ मध्ये आहे. २०१४ पासून दुकानदाराने रुग्णाचं आणि डॉक्टरचं नाव वेगळ्या नोंदवहीत लिहून ती तीन वर्षं जपायची असते. प्रत्यक्षात फाटलेल्या स्ट्रिपचा तुकडा दाखवला की काम भागतं, हे या सभागृहात अनेकांना माहीत आहे. थोड्या दिवसांसाठी, योग्य कारणासाठी ही औषधं उपयोगी आहेत. महिनोन्‌महिने घेतली की सवय लागते, म्हाताऱ्या माणसांचा तोल जाऊन हाड मोडतं, आणि अचानक बंद केली तर निद्रानाश आणि चिंता दोन्ही दुपटीने उलटतात. जे आज घेत आहेत त्यांनी घरी जाऊन डबी फेकून देऊ नये. हळूहळू कमी करायची असते, डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

आणि ज्यांना अंथरूणच धड नाही त्यांचं काय? चेन्नईत कमी उत्पन्नाच्या ४५२ माणसांवर झालेला एक अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्या मनगटावर झोप मोजणारं यंत्र बांधलं होतं. ही माणसं रात्री आठ तास अंथरुणावर असत, झोप मात्र साडेपाच तास. तीही तुकड्यातुकड्यांची, निद्रानाशाच्या रुग्णासारखी. त्यांना सल्ला दिला, उशा-गाद्या-पंखे पुरवले. झोप २७ मिनिटांनी वाढली. तज्ज्ञांचा अंदाज होता की कामही सुधारेल, मनही. काहीच सुधारलं नाही. सुधारलं ते कामाच्या ठिकाणी दुपारी अर्धा तास डुलकी घेऊ दिलेल्यांचं. वामकुक्षीवरून आमच्या पुण्याची जी थट्टा होते, तिला हे सप्रमाण उत्तर म्हणून कोणी वापरू नये. निद्रानाशाच्या रुग्णाला दुपारची झोप वर्ज्यच आहे. चेन्नईच्या अभ्यासातून मी घेतो ते इतकंच, की डास, उकाडा, गोंगाट आणि दाटीवाटी यांनी तुटणारी झोप नुसते तास वाढवून जोडता येत नाही.

तसंच शेतकऱ्याचं. शेतीपंपाची थ्री फेज वीज काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. मध्यरात्री मोटार चालू करून बॅटरीच्या उजेडात दारं धरायची, सापकिड्याची भीती, आणि पुढच्या पाळीला पुन्हा दिवसाचं वेळापत्रक. कारखान्यातल्या कामगाराच्या अशा कामाला आपण रात्रपाळी म्हणतो, याला काहीच म्हणत नाही. पाळ्यांमध्ये काम करणाऱ्यांत नैराश्याच्या लक्षणांचा धोका सुमारे ३३ टक्क्यांनी जास्त असतो, असं २०१९ च्या एका एकत्रित विश्लेषणात दिसलं. शेतकऱ्याच्या मनःस्वास्थ्याबद्दल आपण समुपदेशनाच्या भाषेत पुष्कळ बोलतो. दिवसा वीज हा विषयही त्याच यादीत घातला पाहिजे.

निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं, तेव्हा निरनिराळ्या मानसिक आजारांत उपचाराविना राहिलेल्यांचं प्रमाण ७० ते ९२ टक्के निघालं. ते १२ राज्यांत झालं, त्यांत महाराष्ट्र नव्हता. आपलं चित्र फार वेगळं असेल असं मानायला मला कारण दिसत नाही. ‘मन बरं नाही’ असं सांगत दवाखान्यात येणारी माणसं आपल्याकडे थोडी. ‘झोप नाही’ असं सांगत येणारी पुष्कळ, कारण त्यात लाज नाही. हे दार उघडं आहे.

म्हणून फॅमिली डॉक्टर मित्रांना माझी विनंती आहे : झोपेची तक्रार ऐकली की गोळी लिहिण्याआधी दोन आठवड्यांची वही लिहायला सांगा, आणि मन कसं आहे तेही विचारा. उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना ही वही वाचायला शिकवता येईल; ते काम मी आणि माझे सहकारी या तालुक्यात विनामूल्य करू. आणि श्रोतेहो, आठवड्यातून तीन किंवा अधिक रात्री, सलग तीन महिने झोप लागत नसेल, तर तो उपचार करण्याजोगा आजार आहे. झोपेबरोबर जगण्याचीही इच्छा उडाली असेल, तर तीन महिने थांबू नका, तीन दिवसही नको. घरच्यांना सांगा, डॉक्टरांना गाठा. टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा क्रमांक १४४१६ आहे. तो मोफत आहे, चोवीस तास चालू असतो, आणि त्यावर मराठीत बोलता येतं.